जुन्या फोर्ड ट्रॅक्टरवरील कंपनी फिटिंग : पार्श्वभूमी

जुन्या अमेरिकन फोर्ड ट्रॅक्टरवर एखादा अनोळखी दांडा, जादा पेडल किंवा वेगळा पीटीओ (इंजिनची ताकद अवजाराला देणारा फिरता शाफ्ट) दिसला की तो भाग कारखान्यातूनच बसवून आला की विक्रेत्याने अथवा मालकाने मागाहून बसवला, हा प्रश्न सर्वांत आधी येतो. त्याचे उत्तर ट्रॅक्टर कोणत्या वर्षीचा आहे यावर बरेचसे अवलंबून असते, कारण कंपनीने ग्राहकाला निवडीची मुभा फार उशिरा दिली.

१९३९ साली हॅरी फर्ग्युसन यांच्या तीन-बिंदू जोडणीसह (अवजार ट्रॅक्टरच्या मागे तीन ठिकाणी जोडण्याची रचना) बाजारात आलेला ९एन आणि १९४७ साली आलेला ८एन यांच्यामागे एकच धोरण होते : एकच ट्रॅक्टर मोठ्या संख्येने आणि स्वस्तात काढायचा. ९एनला पुढचे तीन गिअर होते, ८एनला चार. पाच लाखांहून अधिक ८एन तयार झाले, तरी जादा गिअर हवे असणाऱ्याला कंपनीकडे पर्याय नव्हता. ती उणीव बाहेरच्या उद्योगांनी भरून काढली. शर्मन कंपनीचा जादा गिअरबॉक्स क्लच आणि मूळ गिअरबॉक्स यांच्यामध्ये बसत असे, तर कॅन्ससमधील कॉफीव्हिल येथील फंक बंधू सहा सिलिंडरचे, इतकेच काय व्ही-८ इंजिनही ८एनच्या चौकटीत बसवण्याचे संच विकत असत. ही कामे इतकी सफाईदार होती की आज ती पाहणाऱ्याला कारखान्याचीच वाटतात. परंतु ८एनवर शर्मन दिसला तर तो जोड आहे, पर्याय नव्हे, एवढे निश्चित धरून चालावे.

बदलाला कारण झाले ते न्यायालयीन प्रकरण. हेन्री फोर्ड दुसरे यांनी फर्ग्युसन यांची जोडणी वापरण्याचा, केवळ हस्तांदोलनावर उभा असलेला करार मोडल्यावर फर्ग्युसन यांनी १९४८ मध्ये दावा लावला आणि १९५२ मध्ये तो ९२.५ लाख डॉलरच्या भरपाईवर मिटला. भरपाईपेक्षा तडजोडीतील तांत्रिक अट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे : पीटीओच्या शाफ्टवर चालणारा, फर्ग्युसन पद्धतीचा हायड्रॉलिक पंप फोर्डला सोडून द्यावा लागला. त्यामुळे १९५३ च्या एनएए मॉडेलमध्ये पंप इंजिनवर आला आणि क्लच दाबला तरी अवजार उचलणारी लिफ्ट चालू राहू लागली. कंपनीच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त त्या वर्षीच्या बॉनेटवरील गोल बिल्ल्यात 'गोल्डन ज्युबिली' ही अक्षरे होती. पुढच्या वर्षी ती काढली गेली. नंतरच्या ट्रॅक्टरवर हौसेने लावलेला ज्युबिलीचा बिल्ला आजही पुष्कळ ठिकाणी आढळतो, म्हणून बिल्ल्यावरून वर्ष ठरवू नये.

खरी निवड १९५४ च्या अखेरीस सुरू झाली. ६०० आणि ८०० या मालिकांत मधला अंकच पर्याय सांगू लागला : ६४० म्हणजे चार गिअर, ६५० म्हणजे पाच, आणि ६६० म्हणजे पाच गिअरांसह डबल क्लचवर चालणारा लाइव्ह पीटीओ (ट्रॅक्टर थांबला तरी फिरत राहणारा). ८५० आणि ८६० यांचा अर्थही तसाच, फक्त इंजिन मोठे. बॉनेटच्या बाजूला मात्र नुसते ६०० किंवा ८०० लिहिलेले असे, त्यामुळे पूर्ण आकडा पाहायचा तर गिअरबॉक्सच्या घरावरील ठसा घासून वाचावा लागतो. पुढे १९५७ पासूनच्या ६०१ आणि ८०१ मालिकांत हीच पद्धत राहिली, आणि १९५९ पासून मधल्या जागी ७ किंवा ८ हा अंक दिसला की तो सिलेक्ट-ओ-स्पीड, म्हणजे चालतानाच गिअर बदलू देणारा गिअरबॉक्स, असे. ५०१ हा तर आगळाच प्रकार होता. पिकाची ओळ चालकाला नीट दिसावी म्हणून त्यात इंजिन आणि आसन मध्यरेषेपासून बाजूला सरकवलेले होते.

सिलेक्ट-ओ-स्पीड हा या साऱ्यांतला सर्वांत धाडसी पर्याय. पुढचे दहा आणि मागचे दोन गिअर, आणि ते ट्रॅक्टर न थांबवता, ओढ चालू असताना बदलता येत. आत ग्रहीय गिअरांचे (मधल्या चाकाभोवती फिरणाऱ्या दातेरी चाकांचे) संच आणि त्यांना पकडणारे पट्टे व क्लच होते. चालकासमोर डॅशबोर्डवर निवडीचा दांडा आणि डाव्या पायाशी नेहमीच्या क्लचऐवजी यंत्र हळूहळू सरकवण्याचे पेडल असे. सुरुवातीच्या यंत्रांतील दोषांमुळे त्याची बदनामी झाली, ती पुढच्या सुधारणांनंतरही पुरती पुसली गेली नाही. माझ्या मते कल्पना चांगली होती, घाई नडली. ओळख पटवणाऱ्याची अडचण अशी की क्रमांकाचा ठसा गिअरबॉक्सच्या घरावरच आहे. सिलेक्ट-ओ-स्पीड काढून साधा गिअरबॉक्स चढवला असेल तर ठसाही परक्या ट्रॅक्टरचा असतो. अशा वेळी डॅशबोर्डवरील दांड्याची जागा आणि पेडलची मांडणी ठशाशी जुळते का, हे पाहणे भाग पडते.

१९६५ मध्ये हायलंड पार्क, बॅसिल्डन आणि अँटवर्प या तीन कारखान्यांतून २०००, ३०००, ४००० आणि ५००० ही जागतिक मालिका निघाली, तेव्हा पर्याय इतके वाढले होते की एका अंकात मावेनात. त्यामुळे स्टार्टरजवळच्या सपाट जागेवर मॉडेल संकेत, उत्पादन संकेत आणि अनुक्रमांक असे तीन ठसे आले. मॉडेल संकेताचे पहिले अक्षर मालिका दाखवते : सी म्हणजे ३०००, डी म्हणजे ४०००, ई म्हणजे ५०००. पुढच्या खुणा इंधन, पीटीओ आणि गिअरबॉक्स सांगतात. याच मालिकेतला ३००० भारतातील एस्कॉर्ट्स कंपनीने १९७१ पासून फरीदाबादला काढला. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना ओळखीचा ३६०० हा त्याचाच पुढचा अवतार.

उत्पादन संकेतात वर्षाचा शेवटचा अंक, महिन्याचे अक्षर, दिवस आणि पाळी येते. महिन्यांत आय हे अक्षर वगळलेले आहे. म्हणजे '८जे१४बी' हा १४ सप्टेंबर झाला, पण १९६८ चा की १९७८ चा, हे अनुक्रमांकावरूनच कळते. ओतीव भागांवर 'सी५एनएन' असा क्रमांक दिसला तर सी म्हणजे साठचे दशक, ५ म्हणजे १९६५ आणि पहिला एन म्हणजे ट्रॅक्टर. मात्र हे त्या भागाच्या आराखड्याचे वर्ष आहे, आणि १९७४ च्या ट्रॅक्टरवरही तोच क्रमांक बिनदिक्कत सापडतो.