उतरताना मांड्या का भरून येतात?

सह्याद्रीतली २५ किलोमीटरची डोंगरवाटेवरची शर्यत रविवारी दुपारी संपली आणि सोमवारी सकाळी मी आमच्या इमारतीचा जिना कठडा धरून, तोंड भिंतीकडे करून, उलट्या पावलांनी उतरले. संध्याकाळी तोच जिना चढताना मात्र फारसा त्रास झाला नाही. मंगळवारी दुखणे कमी होण्याऐवजी वाढले. आमच्या धावण्याच्या गटातील एका अनुभवी सहकाऱ्याने फोनवर लगेच निदान केले, "लॅक्टिक ॲसिड साचलंय, चांगलं चोळून घ्या, निघून जाईल." हे निदान इतक्या वेळा आणि इतक्या खात्रीने सांगितले जाते, की ते चुकीचे का आहे हे सविस्तर लिहावे असे तेव्हाच ठरवले.

आधी माझ्या तयारीविषयी, कारण चूक तिथेच होती. पुढच्या हंगामात ५० किलोमीटरची शर्यत पूर्ण करायची हे उद्दिष्ट ठेवून मी वर्षभर डांबरी रस्त्यावर लांब अंतरे धावत होते आणि बहुतेक रविवारी पायथ्याच्या आतकरवाडीतून सिंहगड चढत होते. चढाई सुमारे ६०० मीटरची. वर पोहोचले की मडक्यातले दही खायचे आणि परत येताना जीपने उतरायचे. उतरताना गुडघे झिजतात, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की मीही ती कधी तपासून पाहिली नाही. परिणामी माझ्या पायांनी वर्षभरात भरपूर चढ पाहिले होते आणि उतार जवळजवळ पाहिलाच नव्हता.

शर्यतीत चढ उत्तम गेला. शेवटचे आठ किलोमीटर सलग उताराचे होते. तिथे श्वास शांत झाला, घड्याळातले नाडीचे ठोके खाली आले, आणि बळ शिल्लक आहे असे समजून मी वेग वाढवला. चौथ्या किलोमीटरला घसाऱ्याच्या वाटेवर मांड्यांनी वजन धरणेच सोडले आणि प्रत्येक पावलाला गुडघा नको तितका वाकू लागला. पाण्याच्या टेबलापाशी थांबले, तेव्हा गुडघ्याच्या वरचा स्नायू कातडीखाली स्वतःहून थरथरताना दिसत होता. त्याच वाटेने डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेल्या एक बाई साध्या चपला घालून, न थांबता, माझ्या पुढे उतरून गेल्या.

आता लॅक्टिक ॲसिडकडे वळू. जोराच्या व्यायामात रक्तातील लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचेच शरीरातले रूप) वाढते हे खरे, परंतु थांबल्यानंतर साधारण तासाभरात ते पूर्ववत होते. दुखणे मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका साध्या प्रयोगात ट्रेडमिलवर ४५ मिनिटे सपाटीवर धावणे आणि तितकाच वेळ १० टक्के उतारावर धावणे यांची तुलना केली. सपाटीवर धावताना लॅक्टेट वाढले, पण पाय नंतर फारसे दुखले नाहीत. उतारावर धावताना लॅक्टेट वाढले नाही, आणि पाय दुखले ते त्यानंतरच. तरीही "ॲसिड बाहेर काढणारी" मालिश, तेले, पट्टे आणि पावडरी आजही विकल्या जातात. मालिशने बरे वाटते, याबद्दल माझी तक्रार नाही. जे स्नायूत उरलेलेच नाही ते काढून देण्याचे पैसे घेतले जातात, याबद्दल आहे.

मग दुखते ते काय? एक पायरी उतरताना आपल्या मांडीकडे नीट लक्ष द्या. वरच्या पायरीवरचा गुडघा वाकत जातो, म्हणजे मांडीच्या पुढच्या बाजूचा स्नायू लांब होत जातो. आणि त्याच वेळी आपण कोसळू नये म्हणून तो आखडण्याचा प्रयत्नही करत असतो. चढताना स्नायू आखडतो आणि आखूड होतो, तर उतरताना तो आखडू पाहतो आणि तरीही ताणला जातो. याला एक्सेंट्रिक आकुंचन म्हणतात. भरलेली बादली हळूहळू खाली ठेवताना दंडाचे काम हेच असते.

या आकुंचनाचा सर्वांत सुंदर प्रयोग मला १९५२ सालचा वाटतो. ॲबट, बिगलंड आणि रिची या तीन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पायडल पुढे मारायचे आणि दुसऱ्याने ते उलटे फिरत असताना त्याला अडवायचे. साखळी एकच असल्यामुळे दोघांच्या पायांवरचे बल सारखे आणि वेगही सारखा. तरीही पायडल मारणाऱ्याला अडवणाऱ्याच्या दुपटीहून अधिक ऑक्सिजन लागला, आणि वेग वाढवला तशी ही तफावत आणखी वाढली. रॉयल सोसायटीतील प्रात्यक्षिकात अंगाने लहानखुऱ्या स्त्रीने धिप्पाड पुरुषाला सहज अडवून दमवले होते.

हे कसे घडते ते समजण्यासाठी स्नायुतंतूच्या आत जावे लागेल. स्नायुतंतू म्हणजे सार्कोमियर नावाच्या, सुमारे अडीच मायक्रोमीटर लांबीच्या सूक्ष्म घटकांची लांबलचक माळ असते. १० सेंटिमीटरच्या तंतूत असे सुमारे ४०,००० घटक एकापुढे एक ओवलेले असतात. प्रत्येक घटकात मायोसिनचे जाड आणि ॲक्टिनचे बारीक धागे एकमेकांत सरकतात. मायोसिनची डोकी ॲक्टिनला पकडतात, ओढतात आणि सोडतात, आणि ही पकड सोडवण्यासाठी एटीपी हे ऊर्जेचे चलन खर्च होते. स्नायू बाहेरच्या बलाने ताणला जात असेल, तर अनेक पकडी एटीपी न वापरताच हिसक्याने सुटतात आणि पुन्हा लागतात. शिवाय टायटिन नावाचे स्प्रिंगसारखे अजस्र प्रथिन ताणले जाऊन स्वतःच काही भार उचलते. त्यामुळे लांबत जाणारा स्नायू स्थिर स्नायूपेक्षा जास्त बल देऊ शकतो, तेही कमी ऊर्जेत. हा हिशेब फायद्याचा दिसतो, परंतु त्यातच अपायाचे मूळ आहे. तेवढेच बल कमी तंतूंकडून निघत असल्यामुळे मेंदू कमी तंतूंना कामाला लावतो आणि त्या प्रत्येकावरचा ताण वाढतो. माळेतले सगळे सार्कोमियर सारख्या ताकदीचे नसतात. सर्वांत दुबळा घटक आधी ताणला जातो, धाग्यांची एकमेकांवरची व्याप्ती कमी झाल्याने आणखी दुबळा होतो आणि शेवटी एकदम उसवतो, अशी उपपत्ती डेव्हिड मॉर्गन यांनी १९९० साली मांडली. जिने उतरलेल्या लोकांच्या स्नायूंचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घेतलेले छायाचित्र पाहिले, तर दोन सार्कोमियरांमधली एरवी रूळासारखी सरळ असणारी झेड रेषा ठिकठिकाणी वाकडी आणि विस्कटलेली दिसते. त्यानंतर दाह सुरू होतो, दुरुस्तीसाठी पेशी जमतात, वेदनेचे चेतातंतू संवेदनशील होतात, आणि या सगळ्याला वेळ लागत असल्यामुळे दुखणे दुसऱ्या दिवशी जाणवते.

शर्यतीतली माझी फसगत आता उलगडते. २००२ साली मिनेत्ती आणि सहकाऱ्यांनी मोजले, की सपाटीवर धावताना दर किलो वजनामागे दर मीटरला सुमारे ३.४ ज्यूल खर्च होतात, तर २० टक्के उतारावर १.७३ ज्यूल, म्हणजे जवळपास निम्मेच. याउलट ९ अंशांच्या उतारावर धावताना पाऊल आदळण्याचे बल सपाटीच्या तुलनेत ५४ टक्क्यांनी वाढते, असे गॉटशॉल आणि क्रॅम यांना २००५ साली आढळले. फुफ्फुसे आणि हृदय ऊर्जेचा खर्च मोजतात. स्नायूंची उसवण मोजणारे कोणतेही यंत्र माझ्या मनगटावर नव्हते. दक्षिण आफ्रिकेतील सुमारे ९० किलोमीटरच्या कॉम्रेड्स शर्यतीत महाराष्ट्रातूनही अनेक जण धावतात. तिची दिशा आलटूनपालटून बदलते, आणि पीटरमॅरिट्झबर्गहून दरबानकडे उतरण्याच्या वर्षी मांड्यांचे जास्त हाल होतात हे जुने धावपटू जाणून असतात.

या सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट अशी, की स्नायू फार लवकर शिकतो. उताराच्या एकाच सरावानंतर तोच सराव दोन-तीन आठवड्यांनी केला, तर इजा आणि दुखणे ठळकपणे कमी होते, आणि हे संरक्षण कित्येक आठवडे टिकते. यामागे चेतासंस्थेतले बदल आहेत, तंतूंभोवतीच्या जाळीचे बळकट होणे आहे, आणि बहुधा माळेची लांबी वाढणेही आहे. १९९४ साली लिन आणि मॉर्गन यांनी उंदरांचे दोन गट केले, एक चढावर पळवला आणि दुसरा उतारावर. उतारावरच्या उंदरांच्या मांडीतील स्नायुतंतूंत एकापुढे एक असणाऱ्या सार्कोमियरांची संख्या जास्त निघाली. मणी वाढले की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा ताण कमी होतो. मोळी घेऊन उतरणाऱ्या बाईंच्या मांड्यांनी हा सराव बहुधा लहानपणापासून केला असणार. मी तो जीपमध्ये बसून चुकवत होते.

दुखणे ओसरल्यावर मी सिंहगडाचा उतार थोडा थोडा सुरू केला. पहिल्या वेळी फक्त शेवटचा टप्पा, तोही चालत. तीन आठवड्यांनी पूर्ण उतार, मागे न रेलता, लहान आणि झटपट पावले टाकत, गुडघा किंचित वाकलेला ठेवून. मोठ्या शर्यतीआधीचे शेवटचे दोन आठवडे कठीण उतार टाळायचा, म्हणजे दुरुस्ती पूर्ण होते. लांब पल्ल्यात दुखते म्हणून वेदनाशामक गोळ्या घेऊन धावणे मूत्रपिंडांना धोक्याचे असते, आणि शर्यतीनंतर लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा गडद झाला तर स्नायूतील प्रथिने रक्तात उतरत असण्याची शक्यता असते, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

गेल्या रविवारी मी गडावरून आतकरवाडीपर्यंत प्रथमच न थांबता धावत उतरले. सोमवारी जिना सरळ उतरता आला. मंगळवारी उजव्या मांडीत, गुडघ्याच्या चार बोटे वर, दाबल्यावर थोडेसे दुखत होते.