घरावर सोलर बसवण्याआधी हे वाचा

छपरावर सोलर आला की घर स्वावलंबी झाले, असे ग्राहकाला सर्रास सांगितले जाते. आम्ही फोंडा आणि आसपासच्या गावांत हेच काम करतो. तरी कुठली वस्तू कुठून येते, ते तुम्हाला आधी कळायला हवे.

देशाला लागणारे ८५ टक्क्यांहून जास्त कच्चे तेल बाहेरून येते. स्वयंपाकाचा गॅस साधारण ६० टक्के आयातीचा, आणि त्यातला बहुतेक आजवर इराणजवळच्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून आलेला. तिथे तणाव वाढला की झळ आपल्या चुलीपर्यंत पोहोचते. विजेचे तसे नाही. गोव्यात मोठे वीजकेंद्र नसल्याने आपली वीज परराज्यांतून येते, पण ती बहुतांशी देशातल्याच कोळशावर तयार होते. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: आधी सिलिंडरचा वापर कमी करा. चहा, भात, डाळ इंडक्शनवर आणा आणि त्यासाठीची वीज छपरावरून घ्या. एक किलोवॅटमागे वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट मिळतात. पावसाळ्यात बरेच कमी.

आता पॅनेलचे. त्यांची जोडणी देशात होते, त्यांतले वीज बनवणारे सेलही इथे बनू लागले आहेत. सेलसाठी लागणारा सिलिकॉनचा वेफर, म्हणजे पातळ काप, मात्र अजून मुख्यतः चीनमधून येतो. म्हणजे आयात इथेही आहेच. पण गॅस जळून जातो, दर महिन्याला नवा लागतो. पॅनेल एकदा बसले की पंचवीस वर्षे चालते; उद्या जहाजे थांबली तरी तुमच्या छपरावरची वीज थांबत नाही.

ती थांबते वेगळ्याच कारणाने. माड पडून तारा तुटल्या की बॅटरी नसलेला साधा सोलरही बंद होतो, कारण लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र) स्वतःच बंद पडतो. दिवे-पंखे चालू ठेवायचे तर बॅटरीवरही चालणारा हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी हवी. लिथियम बॅटरीचे सेल बहुधा चीनचे असतात. लेड-अॅसिड बॅटरी देशात बनते, तिचे शिसे पुन्हा वापरता येते. मात्र ती जड असते आणि साध्या प्रकारात वेळोवेळी पाणी घालावे लागते.

केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले असतील तरच. काम कोणालाही द्या. कोटेशनमध्ये 'डीसीआर पॅनेल' (म्हणजे असे देशी सेलचे देशी पॅनेल) असे लिहून घ्या आणि इन्व्हर्टरची दुरुस्ती कुठे होते तेही विचारा.