ढग आपटत नाहीत, हवा फुगते

येऊरच्या डोंगरामागे वीज लखलखली की आमच्या सोसायटीतली पोरं कानांवर हात ठेवतात आणि कुणीतरी आजी सांगते, "ढगाला ढग आपटला रे!" आपणही हेच ऐकत मोठे झालो. (त्याआधी म्हातारी हरभरे भरडायची, ते निदान गोष्ट म्हणून गोड होतं.)

पण ढग म्हणजे पाण्याचे थेंब आणि बर्फाचे कण. धुक्यावर धुकं आपटून कधी आवाज येतो का? घासाघीस चालते ती ढगाच्या पोटात. तिथे बर्फाचे कण आणि बारीक गारा एकमेकांवर आदळून विद्युतभार साठतो. तो वाहिला की वाटेतली हवा क्षणात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसला जाते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट! ती इतक्या झपाट्याने फुगते की शेजारच्या हवेला धक्का बसतो. तोच गडगडाट. विजेतून उष्णता, उष्णतेतून हालचाल, हालचालीतून आवाज.

उजेड लगेच पोचतो, आवाज मात्र किलोमीटरला साधारण ३ सेकंद घेतो. परवा खिडकीतून वीज दिसल्यापासून गडगडाट येईपर्यंतचे सेकंद मोजले, ९ आले.

"म्हणजे नऊ किलोमीटर?" धाकटी म्हणाली.

"नाही गं, तिनाने भाग."

उपवन तलावावर जायचा बेत तिथेच रद्द केला. सेकंदांचा आकडा ३० च्या आत आला की घरातच थांबायचं.