बारकी ट्रायथलॉनच आधीची, मोठी नंतर आली

आमच्या बेळगावात कुणालाही सांगा की मी ट्रायथलॉनची तयारी करतोय, पहिला प्रश्न ठरलेला, "आयर्नमॅन काय बे?" मग मी सांगणार की नाही, स्प्रिंट आहे, ७५० मीटर पोहायचं, २० किलोमीटर सायकल मारायची आणि ५ किलोमीटर पळायचं. की लगेच समोरच्याचा चेहरा पडतो, "म्हंजे बारकी होय." जसं काय मी चाळिशी ओलांडून बसचं हाफ तिकीट काढून बसलोय. हे इतक्या वेळा झालं की शेवटी हा खेळ आला कुठनं ते मी बसून वाचून काढलं, आणि गोष्ट नेमकी उलटी निघाली. बारकी आधीची आहे. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन हा आयर्नमॅनचा प्रकार नंतर वाढवलेला आहे.

सुरुवात अमेरिकेत सान डिएगोला. तिथं डेव्हिड पेन नावाच्या वकिलानं १९७२ ला आपल्या पन्नासाव्या वाढदिवसाला पळणं आणि पोहणं अशी दोन खेळांची शर्यत ठेवली होती (वाढदिवसाला लोक केक कापतात, ह्यानं पाहुण्यांना पळवलं). पुढच्या वर्षी त्यात जॅक जॉनस्टन भाग घ्यायला गेला. हा कॉलेजात असताना चांगला पोहणारा, मग मधे सगळं सुटलं, वजन वाढलं, ते उतरवायला पळायला लागला. म्हणजे आपल्यातलाच माणूस. त्याला वाटलं की ह्यात पोहणं फारच कमी आहे, आपणच एक शर्यत ठेवू. तिथल्या पळणाऱ्यांच्या क्लबात डॉन शानाहन म्हणून दुसरा गडी होता, त्याच्या डोक्यात पण असलंच काहीतरी चाललेलं, पण त्याला त्यात सायकल पाहिजे होती. जॉनस्टन कधी सायकलच्या शर्यतीत उतरलेला नव्हता, तरी बरं म्हणाला, घाल.

२५ सप्टेंबर १९७४, बुधवार. रविवार नाही हां, बुधवार, लोक कामावरनं सुटून आले आणि पावणेसहाला शर्यत सुरू झाली. एन्ट्री फी एक डॉलर. एकूण पळणं साधारण ६ मैल, सायकल ५ मैल, पोहणं ५०० यार्ड, आणि तेही सलग नाही, तुकड्यातुकड्यानं, थोडं पोहायचं, बाहेर यायचं, परत थोडं पळायचं. ४६ जणांनी पूर्ण केली. शेवटची माणसं पाण्यात असताना अंधार पडला, मग काठावरच्या लोकांनी गाड्या वळवून हेडलाइट पाण्यावर मारले आणि त्या उजेडात ते बाहेर आले. आणि ट्रॉफी करायला टाकली होती त्या दुकानदारानं विचारलं की ह्या शब्दाचं स्पेलिंग काय, कारण डिक्शनरीत तो नव्हताच. जॉनस्टननं पेंटाथलॉन, डेकाथलॉन ह्यांच्या चालीवर जमवून सांगितलं. आज जगभर तेच चालतं.

आता हिशोब करा. ५०० यार्ड म्हणजे साधारण ४६० मीटर, ५ मैल म्हणजे ८ किलोमीटर, ६ मैल पळणं म्हणजे जेमतेम पावणेदहा किलोमीटर. आजच्या स्प्रिंटच्या आसपासचंच काम, पोहणं-सायकल कमी, पळणं तेवढं जास्त. संध्याकाळी कामावरनं येऊन, करून, घरी जेवायला जाता येईल एवढी. त्या ४६ जणांना कुणी बारकी म्हणालं नसणार, कारण तेव्हा मोठी नव्हतीच.

त्याच्याही आधी फ्रान्समध्ये १९२० च्या सुमाराला 'ले त्रुआ स्पोर', म्हणजे तीन खेळ, नावाची शर्यत व्हायची, पळणं, सायकल आणि मार्न नदी पोहून पार करणं. दुसरं एक नाव होतं त्याचा अर्थ साधारण खटपट्या लोकांची शर्यत, मला हे नाव ट्रायथलॉनपेक्षा जास्त आवडतं. सान डिएगोवाल्यांना त्याचा पत्ताही नव्हता, त्यामुळं वंशावळ जोडायला नको.

पण १९२० म्हटलं की बेळगावच्या माणसाला वेगळंच आठवायला पाहिजे आणि आठवत नाही ही खरी लाजेची गोष्ट. त्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला आपल्या बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाले. २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद, १९ वा नंबर. ती मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, ऑलिंपिकमधली सगळ्यात लांब, जिंकणारा फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटांनी आला होता. त्याआधी पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत खेड्यापाड्यातली पोरं अनवाणी कशी पळतात ते दोराबजी टाटांनी बघितलं आणि मग भारताची टीम पाठवायची खटपट झाली, त्या टीममधनं हे गेले. आता आम्ही कार्बन प्लेटच्या बुटांवरनं व्हॉट्सअॅपला तासभर भांडतो, असो.

मग मोठी कधी आली? १९७४ च्या त्या बुधवारी जॉन कॉलिन्स नावाचा नौदलातला अधिकारी बायको-मुलांसकट पळाला होता. पुढं त्याची बदली हवाईला झाली. तिथं गप्पांत वाद निघाला की जास्त फिट कोण, पोहणारा की पळणारा की सायकलवाला. त्यानं बेटावरच्या तीन वेगवेगळ्या स्पर्धा एकाला एक जोडल्या, वायकीकीचं समुद्रातलं पोहणं, बेटाला सायकलनं फेरा आणि होनोलुलू मॅरेथॉन. १८ फेब्रुवारी १९७८ ला १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली, गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटांत पहिला. झाली आयर्नमॅन. चहाच्या टपरीवरची पैज वाढत जाते तसंच हे.

आणि ती जगभर पोचली ती टीव्हीमुळं. १९८२ च्या फेब्रुवारीत ज्युली मॉस बायकांत पहिली असताना शेवटच्या काही मीटरवर कोसळली, मागनं दुसरी पुढं निघून गेली, आणि ही रांगत रांगत लाइन ओलांडून गेली. ते दृश्य अमेरिकेनं घरात बसून बघितलं. तेव्हापासनं ट्रायथलॉन म्हणजे रांगत जायची गोष्ट असं लोकांच्या डोक्यात बसलं ते बसलंच, माझ्या मते ह्या खेळाचं सगळ्यात जास्त नुकसान ह्याच एका चित्रानं केलं. प्रसिद्धी पण त्यानंच दिली, ते नाकारत नाही.

दुसऱ्या बाजूला त्याच १९८२ ला अमेरिकेत शहराशहरांतनं फिरणारी एक मालिका सुरू झाली, साध्या लोकांना झेपेल असल्या अंतरांची, आणि घासत घासत त्यातनं १.५, ४०, १० हा आकडा पक्का झाला. तिन्ही अंतरं आपापल्या खेळात आधीपासनं आहेत बघा, पोहण्यातलं १५०० मीटर, सायकलची ४० किलोमीटरची टाइम ट्रायल, ट्रॅकवरचं १० हजार मीटर. १९८९ च्या १ एप्रिलला फ्रान्समध्ये आविन्यों गावात आंतरराष्ट्रीय संघटना झाली, कॅनडाचे लेस मॅकडोनल्ड पहिले अध्यक्ष, आणि ऑगस्टमध्ये तिथंच पहिली जागतिक स्पर्धा. २००० ला सिडनीत ऑलिंपिकला आली ती हीच, आयर्नमॅन नव्हे. स्प्रिंट म्हणजे ह्याची बरोबर अर्धी. वयाचे गट पाच-पाच वर्षांचे, त्यामुळं माझी लढाई माझ्यासारख्याच गुडघा धरून जिना उतरणाऱ्यांशी असते, वीस वर्षांच्या पोराशी नाही. जगातले टॉपचे लोक स्प्रिंट तासाभरात उरकतात, आमच्यासारख्यांना दीड ते दोन तास.

आता आपल्या भागाचं. तिन्ही खेळ इथं होतेच, फक्त वेगवेगळ्या माणसांकडं होते.

पळणं भरतीच्या पोरांकडं. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर १९२२ पासनं बेळगावात आहे, आणि कंग्राळी, कडोली, येळ्ळूर, खानापूर भागात ज्या घरातनं कुणी फौजेत गेलं नाही असं घर शोधावं लागतं. पहाटे रस्त्याच्या कडेनं पोरं १६०० मीटरचा टायमिंग लावून पळत असतात. त्यांना ५ किलोमीटर म्हणजे काय विचारता, पण भरती झाली किंवा वय गेलं की पळणं बंद, हौस म्हणून पळायचं ही कल्पनाच नव्हती. शहरात मग कॅम्पातले झाडीचे रस्ते आणि टिळकवाडीचं व्हॅक्सीन डेपोचं मैदान, तिथं वॉकवाले, त्यातनं काही पळायला लागले.

सायकल दूधवाल्यांकडं. दोन्ही बाजूला किटल्या लावून गावातनं शहरात रोज येऊन-जाऊन करणाऱ्याला २० किलोमीटर सांगून बघा. खरी शर्यतीची सायकलिंग मात्र आपल्या पूर्वेला, विजापूर-बागलकोट-जमखंडी पट्ट्यात, कर्नाटकाचे चांगले सायकलपटू बरेचसे तिकडचे. आमच्याकडं गियरची सायकल आली ती हौशी लोकांच्या हातात, आणि रविवारी वेंगुर्ला रोडनं हद्द ओलांडून शिनोळीला चहा पिऊन परत यायचं, सकाळी नऊच्या आत दोन राज्यं फिरून झाली. सीमाप्रश्नावर अख्खं आयुष्य गेलेल्या गावात हा विनोद जरा कडवट लागतो, पण होतो दर रविवारी.

पोहणं विहिरीतलं. इथंच खरी गोम आहे. आमच्या पिढीतली बरीच पोरं पाठीला डबा बांधून काकानं विहिरीत ढकलून शिकली, मी पण. बिनधास्त सूर मारतो, तळाचा दगड काढून आणतो, पाण्याची भीती नाही. म्हणून मला वाटलं पोहणं आपल्याला येतं. पहिल्यांदा पूलमध्ये गेलो, २५ मीटर तोंड वर काढून झपाझप हात मारत गेलो आणि पलीकडच्या कठड्याला लटकलो, दम खलास. शेजारच्या लेनमध्ये साधारण सत्तरीच्या एक मावशी संथ फेऱ्या मारत होत्या, थांबल्या आणि म्हणाल्या, "श्वास पाण्यात सोड रे बाळा, धरून काय ठेवलायस." तेवढ्या एका वाक्यावर माझे पुढचे तीन महिने गेले. विहीर २५ फूट रुंद धरली तर ७५० मीटर म्हणजे जवळजवळ १०० आरपार होतात, विहिरीत असं कोण पोहतं, विहिरीत डुंबायचं असतं.

आणि मोकळं पाणी म्हणावं तर जवळचं राकसकोप हे शहराच्या पिण्याचं पाणी, तिथं उतरायचा प्रश्नच नाही. त्यामुळं सराव पूलमध्ये आणि परीक्षा तलावात, जिथं खाली काळी रेघ नसते, म्हणून दर आठ-दहा हातांनी मान वर काढून बोया, म्हणजे वाट दाखवणारा तरंगता फुगा, बघायला लागतो, नाहीतर माणूस तिरका जातो आणि ७५० चे ९०० करून येतो. पोहणं सगळ्यात आधी ठेवतात त्याचं कारण सरळ आहे, दमलेला माणूस सायकलवरनं उतरून कडेला बसू शकतो, पाण्यात बसायला जागा नसते. सान डिएगोला त्यांनी ते शेवटाकडं ठेवलं होतं आणि मग हेडलाइट लावायला लागले.

आमच्याकडं हे वेड पसरलं ते दोन बाजूंनी. वरनं कोल्हापूर, तिथं आयर्नमॅन करून आलेल्यांची संख्या बघता बघता वाढली आणि त्यांचं बघून निपाणी-बेळगाववाले पेटले. खालनं गोवा, २० ऑक्टोबर २०१९ ला मिरामारला भारतातली पहिली आयर्नमॅन ७०.३ झाली, म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ पळणं. बेळगावातनं चोर्ला घाट उतरला की गोवाच, त्यामुळं बघायला गेलेले पण बरेच. फक्त एक लक्षात ठेवा, आपण साडेसातशे मीटर उंचीवरच्या गार हवेत सराव करतो आणि गोव्यातला ऑक्टोबर म्हणजे अंगावर ओली गोधडी.

पण ह्यामुळं झालं काय, की इथल्या लोकांना खेळाची ओळखच मोठ्या अंतरापासनं झाली, म्हणून स्प्रिंटवाला तो कच्चा लिंबू. खरं तर स्प्रिंटमध्ये लपायला जागा नसते. लांबच्या शर्यतीत एक चूक पाच तासांत जिरते, इथं दोन मिनिटं गेली की तुमचा नंबर गेला. माझे पहिल्याच स्पर्धेत ट्रान्झिशनला, म्हणजे एका खेळातनं दुसऱ्यात जायच्या मधल्या बदलाबदलीत, गेले. पाण्यातनं बाहेर आलो, डोकं गरगरत होतं, मोजे ओल्या पायात चढेनात, कसेबसे घातले, सायकल उचलली आणि चार पावलं गेलो तर व्हॉलंटियर पोरगी शिट्टी मारत पळत आली. नियम असा की हेल्मेटचा बक्कल लागल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. माझं हेल्मेट डोक्यावर होतं, पट्टा लोंबत होता. परत सायकल रॅकला लावा, पट्टा लावा, मग निघा. आणि सायकलवरनं उतरून पळायला लागल्यावर पाय आपले नसतात, मांड्यांत कुणीतरी बाभळीचे ओंडके भरलेत असं वाटतं, पहिला किलोमीटरभर तसंच जायचं, मग सुटतात. ह्यासाठी आठवड्यातनं एकदा सायकल मारून आल्या आल्या लगेच पळायचा सराव करतात, त्याला ब्रिक म्हणतात.

मी १ तास ५३ मिनिटांत आलो. घरी बायकोनं विचारलं, "मोजे कशाला घातलास रे, पाचच किलोमीटर तर होतं." आता मोजे बाद, बुटांना आतनं पावडर मारून ठेवायची आणि लेसच्या जागी इलॅस्टिक. सध्या पावसानं वेंगुर्ला रोडची चाळण झालीय, त्यामुळं सायकल घरातच ट्रेनरच्या स्टँडवर, आणि काकाच्या शेतातली विहीर काठोकाठ भरलीय.