आईच्या डोळ्यातलं ७१ वर्षं जुनं प्रोटीन

मागच्या महिन्यात नौपाड्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आधीच्या तपासणीत डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं, भिंग पिवळट आणि मधे दुधी झालेलं, म्हणाल्या अगदी मधलं प्रोटीन आई जन्माला यायच्या आधीचं आहे, ७१ वर्षांत ते काढून त्या जागी नवीन बनलेलंच नाही. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये, कारण बाकी शरीरात तर बहुतेक प्रोटीन सारखं मोडतं आणि नवीन बनतं.

हे सुद्धा आधी कोणी मानत नव्हतं. समज असा की शरीर म्हणजे इंजिन, अन्न जळून जातं, इंजिन आहे तसंच. १९३० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कला रुडॉल्फ शोनहायमरनी जड नायट्रोजनची खूण केलेलं अमिनो आम्ल (प्रोटीन ज्याचं बनतं तो घटक) उंदरांना खायला घातलं, तर अर्ध्याहून जास्त नायट्रोजन अंगातल्या प्रोटीनमधेच जाऊन बसला आणि वजन मात्र तेवढंच, मग जुनं कुठे गेलं? मोडलं!

१९५३ मधे सिम्पसनना दिसलं की मोडायलाही ऊर्जा लागते, आणि हे खरंच चक्रावणारं होतं, कारण पोटात प्रोटीन पचतं तेव्हा अशी ऊर्जा लागत नाही. लायसोसोम (पेशीतल्या, प्रोटीन वगैरे पचवणाऱ्या पिशव्या) सापडले तरी हे कोडं सुटेना. शेवटी हर्शको, चिहानोवर आणि रोझ यांनी सशाच्या कोवळ्या लाल पेशी घेतल्या, ज्यात लायसोसोम जवळपास नसतातच, आणि १९८० च्या सुमारास कळलं की टाकायच्या प्रोटीनवर पेशी आधी युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रोटीनची चिठ्ठी चिकटवते आणि त्या चिकटवण्याला ऊर्जा लागते. नोबेल २००४ ला. पेशी स्वतःचेच तुकडे लायसोसोममधे कसे नेते हे ओसुमींनी यीस्टमधे शोधलं, त्यांना २०१६ ला.

वयाबरोबर ही साफसफाई मंदावते. ती परत आणता येते का, माझ्या मते खरा प्रश्न हाच. २००८ मधे आना मारिया क्वेर्वोंच्या लॅबने म्हाताऱ्या उंदरांच्या यकृतात लायसोसोमवरचं, वयाबरोबर घटणारं एक प्रोटीन टिकवून धरलं, तर यकृत चांगलं काम करत राहिलं. २०१७ मधे बोहनर्ट आणि केनियन यांनी मिलिमीटरभर किड्यांत त्याहून भारी गोष्ट पाहिली: शुक्राणूचा सिग्नल आला की अंडपेशीतले लायसोसोम आम्लधर्मी होतात आणि साठलेल्या प्रोटीनच्या गुठळ्या साफ होतात.

म्हणजे यंत्रणा जागेवर असेल तर ती टिकवता येते किंवा पुन्हा चालू होऊ शकते, निदान उंदरात आणि किड्यांत. भिंगाच्या मधल्या पेशींनी प्रकाश आरपार जावा म्हणून आपलं केंद्रक, लायसोसोम सगळंच आधी टाकून दिलेलं असतं, तिथे चालू करायला काही उरतच नाही, म्हणून आईचं भिंगच बदलावं लागलं.