कटरला किती त्रिकोण हवेत?

लाकडावर किंवा पितळेवर सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमाने चालणाऱ्या, यंत्राने उठावाची मूर्ती कोरायची, तर मूळ मूर्ती आधी स्कॅन करतात. स्कॅनर लाखो बिंदू टिपतो, सॉफ्टवेअर ते त्रिकोणांनी जोडून जाळी तयार करतं. हीच मेश. स्कॅन जितका बारीक तितकं काम सुबक, असं वाटून अनेकजण अख्खी फाइल तशीच कॅम सॉफ्टवेअरमध्ये (कटरचा मार्ग आखणाऱ्या) घालतात आणि संगणक तासन्‌तास अडकून बसतो.

ही जाळी बहुधा एसटीएल फाइलमधून येते. 1987 मध्ये थ्रीडी प्रिंटिंगसाठी जन्मलेला हा प्रकार अगदी साधा आहे. बायनरी फाइलमध्ये दर त्रिकोणाला 50 बाइट, म्हणजे 10 लाख त्रिकोणांना 50 एमबी. मात्र एकच कोपरा सरासरी सहा त्रिकोणांत येतो आणि तितक्या वेळा पुन्हा लिहिला जातो. कोण कोणाचा शेजारी, हे फाइल सांगत नाही. माप मिलिमीटरमध्ये आहे की इंचांत, हेही नाही! स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ स्कॅन केला, तेव्हा छिन्नीच्या खुणाही टिपता याव्यात म्हणून जाळी सुमारे 200 कोटी त्रिकोणांपर्यंत गेली. एसटीएलमध्ये ती 100 जीबी भरेल.

अभ्यासासाठी तेवढा तपशील हवाच. कोरणाऱ्या कटरचं गणित मात्र वेगळं आहे. 6 मिमी व्यासाचा बॉलनोज, म्हणजे गोल टोकाचा कटर, घ्या. 3 मिमीपेक्षा कमी त्रिज्येच्या खोबणीच्या तळाला तो टेकूच शकत नाही. स्टेपओव्हर, म्हणजे कटरच्या शेजारच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर, 0.3 मिमी ठेवला, तर सपाट भागावर दोन फेऱ्यांमध्ये सुमारे 0.004 मिमी उंचीची कड उरते. म्हणून जाळीची बारकाई स्कॅनरने नव्हे, कटरने आणि जॉबच्या टॉलरन्सने (त्या कामात चालणाऱ्या चुकीच्या मर्यादेने) ठरवावी, असं माझं ठाम मत आहे. 100 मिमी व्यासाचा गोल 0.01 मिमी अचूकतेने दाखवायला 20 हजारांच्या आसपास त्रिकोण पुरतात. अचूकता दहापट वाढवली की त्रिकोणही दहापट होतात.

नको तितकी बारीक जाळी यंत्रालाही जड जाते. टूलपाथ, म्हणजे कटरचा मार्ग, 0.1 मिमीच्या तुकड्यांचा झाला आणि फीड, म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग, मिनिटाला 6000 मिमी असला, तर यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरला सेकंदाला 1000 ओळी वाचाव्या लागतात. ते जमलं नाही की फीड आपोआप पडतो. स्कॅनमधला खरखरीतपणाही कटर इमानाने धातूत उतरवतो.

मग त्रिकोण कमी कसे करायचे? सरसकट गाळले तर पापण्या आणि दागिन्यांच्या कडा बोथट होतात. 1997 मध्ये मायकेल गार्लंड आणि पॉल हेकबर्ट यांनी फार सुंदर पद्धत मांडली. प्रत्येक कोपऱ्याजवळ त्याला लागून असलेल्या त्रिकोणांच्या प्रतलांचा हिशोब ठेवायचा. दोन कोपरे एकत्र केले, तर नवा बिंदू या प्रतलांपासून किती दूर जाईल, त्या अंतरांच्या वर्गांची बेरीज म्हणजे चूक. सर्वांत कमी चूक करणारी बाजू (दोन कोपऱ्यांना जोडणारी रेघ) आधी मिटवायची, मग पुढची. सपाट पाठीवर ही चूक जवळजवळ शून्य, म्हणून तिथले त्रिकोण भराभर विरतात. नाकाच्या शेंड्यावर आणि मुकुटाच्या धारेवर ते टिकून राहतात. सॉफ्टवेअरमध्ये ‘डेसिमेट’ किंवा ‘रिड्यूस’ दाबल्यावर बहुधा याच कल्पनेचं एखादं रूप आत चालतं.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी भोकं बुजवावीत, उलटे (आतल्या बाजूला तोंड असलेले) त्रिकोण सुलटे करावेत, मगच संख्या घटवावी. त्यानंतर मूळ जाळीशी अंतर मोजून पाहावं. 0.05 मिमी टॉलरन्सच्या जॉबला फरक 0.01 मिमीच्या आत असेल, तर ती हलकी फाइल टूलपाथला द्यायला हरकत नाही. मूळ स्कॅन जपून ठेवावा, कारण उद्या 2 मिमीचा कटर लावायचा झाला तर घटवणं पुन्हा त्यातूनच करावं लागेल.