गाडी हलली की तुमची समजूत?

ट्रॅकिंगवर, म्हणजे हलत्या गोष्टीची जागा सतत अंदाजण्यावर, कोणीही काही लिहिलं की ‘मग बिलीफ (आपली समजूत) अपडेट केला’ हे येतंच, आणि दर वेळी विचारावंसं वाटतं की बाबा रे, नक्की झालं काय, गाडी हलली की तुला नवीन काही कळलं? एआयमध्ये याला दोन वेगळी नावं आहेत. जग होतं तिथेच आहे, फक्त आपल्याला जास्त कळलं, ते रिव्हिजन. जगच बदललं, ते अपडेट. बेजचा नियम (नवी माहिती आली की शक्यतांचे आकडे कसे बदलायचे ते सूत्र) तुम्हाला येतो असं धरतो, तो परत सांगत बसत नाही.

सोसायटीचं पार्किंग घ्या. लाल आणि पांढरी अशा दोन गाड्या, त्यातली एकच आत आहे हे पक्कं, पण कुठली ते माहीत नाही. वॉचमन बघून येतो आणि सांगतो, लाल आत आहे. म्हणजे पांढरी बाहेर, विषय संपला. ही रिव्हिजन: दोन शक्यता होत्या, न जुळणारी फेकून दिली.

आता दुसरा प्रकार. वॉचमनला चावी दिली आणि सांगितलं, लाल बाहेर असेल तर आणून लाव, आत असेल तर राहू दे. तो येऊन म्हणतो, झालं. आता पांढरी कुठे? इथे दहातले नऊ जण ‘बाहेर’ म्हणतात आणि तिथेच फसतात, कारण आधी पांढरी आत असेल तर ती अजून आतच आहे की, तिला कोणी हात लावलाय! अपडेटमध्ये कुठलीच शक्यता फेकायची नसते, प्रत्येक शक्यता वेगवेगळी पुढे सरकवायची असते. ‘एकच आत’ हे जुनं ज्ञान खरं होतं, पण ते चावी देण्याआधीचं. (तो ‘आत्ताच आणून लावली’ म्हणाला असता तर दोन्ही आत, पण तो तेवढं बोलत नाही.)

रिव्हिजनचे नियम आल्चुरॉन, गार्डनफोर्स आणि मॅकिन्सन यांनी १९८५ मध्ये मांडले, ते हलत्या जगाला चालत नाहीत हे कात्सुनो आणि मेंडेलझोन यांनी १९९१ मध्ये नीट दाखवलं. तरी घोळ चालूच, आणि त्यातला अर्धा कॅलमन फिल्टरवाल्यांचा (अंदाज आणि मोजमाप जोडून जागा काढायची ही पद्धत), कारण त्यांच्याकडे मोजमाप घेण्याच्या पायरीला ‘अपडेट’ म्हणतात, जी खरं तर रिव्हिजन आहे, आणि खऱ्या अपडेटला ‘प्रेडिक्ट’. गाडीची जागा ±४ मीटरपर्यंत माहीत आहे, सेकंदभरात चालण्यातली अनिश्चितता ±३ मीटर, तर प्रेडिक्टनंतर ±५ (७ नाही, वर्गांची बेरीज होते: १६ + ९ = २५). मग ±५ वालं जीपीएस आलं की दोन्ही जोडून ±३.५. एका पायरीत धूसर, दुसरीत स्पष्ट, आणि दोन्हीला लोक अपडेटच म्हणणार! मी माझ्या कोडमध्ये फंक्शनांची नावं सरळ ‘हलव’ आणि ‘बघ’ ठेवलीत, हसा खुशाल.

याचा खरा फटका उशिरा आलेल्या मेसेजला बसतो. नेटवर्क अडकलं आणि तीन सेकंदांपूर्वीचं जीपीएस आत्ता पोचलं, तर ते आत्ताच्या जागेवर लावायचं नाही. तीन सेकंद मागे जायचं, तिथे रिव्हिजन करायची, मग गाडी परत पुढे हलवत आणायची, आणि मधे आलेली मोजमापं वाटेत पुन्हा लावायची.